‘प’चा खंड केव्हाचा?

प्रकल्पांचे दिवस आले की नेरुळच्या आमच्या शाळेच्या ग्रंथालयात फ्लेमिंगोंचे थवे उतरतात. खाडी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आठवी-नववीतलं कोणी ना कोणी ठाणे खाडी घेतंच. यंदा एका मुलीने वही पुढे केली. एके ठिकाणी क्षेत्रफळ 17 चौरस किलोमीटर, दुसरीकडे 65. ‘बाई, यातला खरा कुठला?’

दोन्ही आकडे गुगलने वरच्या वर दिलेले. कुणी मोजले, कशाचे, याचा पत्ता नाही. ठाणे खाडी पाणथळ जागांच्या रामसर कराराच्या यादीत आहे, आणि त्या यादीतल्या जगातल्या प्रत्येक जागेची नोंद कराराच्या संकेतस्थळावर असते: क्षेत्रफळ, नकाशा, यादीत आल्याचं साल. आहे इंग्रजीत, पण आकडे वाचायला असं कितीसं इंग्रजी लागतं? नोंद उघडली आणि दोन्ही आकडे बरोबर निघाले. 2015मध्ये जाहीर झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य साधारण 17 चौरस किलोमीटरचं. 2022मध्ये रामसर यादीत गेलं ते अभयारण्य आणि त्याभोवतीचा संवेदनशील पट्टा धरून, म्हणून 65.

मराठीतून शोधणाऱ्यांना मी आधी मराठी विश्वकोशाकडे धाडते. पैसे पडत नाहीत आणि नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, हे माझ्या लेखी फार मोठं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभं केलेलं हे काम. पहिला खंड 1976चा, विसावा 2015चा. 2011पासून ते संकेतस्थळावर येऊ लागलं. खंड निघाले अकारविल्हे, त्यामुळे नोंदीचं वय तिच्या पहिल्या अक्षरावरून कळतं! ‘क’चा खंड आला तेव्हा पनवेल कुलाबा जिल्ह्यात होतं, जिल्ह्याला रायगड नाव मिळालं 1981ला. ‘ठ’च्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं, ते 2014ला वेगळं झालं. ‘प’चे खंड छापले तेव्हा प्लूटोचं ग्रहपद शाबूत होतं; ते गेलं 2006ला. कपाटातला खंड हातात घेतला की पिवळी पानंच वय सांगतात. पडद्यावर सगळ्या नोंदी एकाच वयाच्या दिसतात, आणि मुलं प्लूटोला खुशाल ग्रहांच्या रांगेत बसवतात. अलीकडे विश्वकोशाची विषयवार ज्ञानमंडळं नव्या नोंदी लिहितात. तिथे लेखकाबरोबर समीक्षकाचंही नाव सापडतं. जुनी आणि नवी, दोन्ही नोंदी शेजारी उघडायला लावल्या की वर्गात छान भांडणं होतात.

आयआयटी खरगपूर चालवतं ते राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय मी जरा मोठ्या मुलांना दाखवते. तेही मोफत. मात्र भाषेचा आणि शालेय स्तराचा फिल्टर आधी लावायचा. नाहीतर थेट पीएचडीचे प्रबंध अंगावर येतात आणि पोरं दोन मिनिटांत पुन्हा गुगलवर.

विकतच्या डेटाबेसबद्दल पालक हमखास विचारतात. चांगले असतात. पण वर्गणी भरायची, प्रवेशाच्या माहितीपत्रकात नाव छापायचं आणि पासवर्ड ग्रंथपालाच्या टेबलाच्या खणात ठेवायचा, असंही काही शाळांत चालतं. त्यापेक्षा फुकटचं नीट वापरलेलं बरं, असं आपलं माझं मत.

खरी अडचण तिसरीच आहे. आठवड्याला ग्रंथालयाचा तास एक, आणि त्यातला निम्मा कीबोर्डवर ‘ज्ञ’ हुडकण्यात जातो. म्हणून जूनमध्ये मी कुणाला काही शोधायला सांगतच नाही. नुसतं मराठी टाइप करायला बसवते.