'त्यांना टेस्टच नाही!'

'सालन एकदम टेस्टी झालंय', 'मीठ बरोबर आहे का, जरा टेस्ट करून बघ' आणि 'त्यांच्या घरात कुणाला टेस्टच नाही'. ही तिन्ही वाक्ये आज आपल्या घरांत सर्रास ऐकू येतात. पहिली दोन स्वयंपाकघरातली आहेत, त्यांनी कुणाचे काही बिघडत नाही. तिसरे वाक्य मात्र पाहुण्यांकडून परतताना रिक्षात बोलले जाते आणि ते माणसांबद्दल असते. पडद्यांचा भडक रंग, भिंतीवरची चमकी लावलेली आयतांची फ्रेम, शोकेसमधली प्लास्टिकची फुले एवढे पाहून आपण अख्ख्या कुटुंबाचा निकाल लावतो. कधीकधी एवढ्यावरून मुलीचे स्थळही नाकारले जाते. ज्या शब्दाच्या जोरावर आपण हे करतो, तो शब्द तरी आपण नीट ओळखून घ्यायला हवा.

आपल्या लिपीत या शब्दाची एक गंमत आहे. चव या अर्थाचा 'टेस्ट' आणि चाचणी या अर्थाचा 'टेस्ट' आपण सारखेच लिहितो. इंग्रजीत दोघांचे स्पेलिंग वेगळे, उच्चारही वेगळा. चवीच्या शब्दातला 'टे' लांबवावा लागतो. शाळकरी मुले इथे हमखास गोंधळतात. दोघांचे मूळही एक नाही. चाचणीचा 'टेस्ट' लॅटिनमधल्या मातीच्या भांड्याच्या नावावरून आला. अशा भांड्यात सोन्याचांदीचा कस पाहत असत. चवीचा 'टेस्ट' जुन्या फ्रेंच भाषेतून आला आणि तिथे त्याचा अर्थ होता हात लावून पाहणे, चाचपणे. जुन्या इंग्रजी लिखाणातही तो स्पर्श करणे, अजमावणे या अर्थाने सापडतो. पुढे स्पर्शाचा अर्थ मागे पडला आणि जिभेचा राहिला. पण शब्दाच्या मुळाशी आहे तो स्वतःचा अनुभव. आधी हात लावा, मग बोला.

जुन्या दरबारांत तर चाखणे हीच परीक्षा होती. दिल्लीच्या सुलतानांकडे 'चाशनीगीर' नावाचा अधिकारी असे. फारसीत 'चाशनी' म्हणजे चव, चाखण्यापुरता घास. सुलतानापुढे जाणारे अन्न आधी त्याने चाखायचे, कारण विषाची भीती. आपल्या घरातही हे काम कुणीतरी करतच असते. रमजानमध्ये मात्र प्रश्न पडतो, रोजा असताना मीठ कसे बघायचे? फिकहचे जाणकार सांगतात की गरज असेल तर जिभेच्या टोकावर घेऊन थुंकून टाकावे, घशाखाली काही जाऊ देऊ नये. विनाकारण चाखणे मात्र मकरूह. म्हणजे चाखण्यालाही गरज आणि मर्यादा आहे.

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी या शब्दाचे काही उपयोग इथे सांगतो. खीर गोड लागते हे सांगताना मुले 'द खीर इज टेस्टिंग स्वीट' म्हणतात. 'द खीर टेस्ट्स स्वीट' हे बरोबर. 'टेस्टी' हे विशेषण खाण्याचे, तर 'टेस्टफुल' हे पोशाखाचे किंवा सजावटीचे; बिर्याणीला 'टेस्टफुल' म्हणू नये. 'टेस्टलेस' मात्र दोन्हीकडे चालते: अन्नाबद्दल बेचव आणि वागण्याबद्दल अशोभनीय. 'अक्वायर्ड टेस्ट' म्हणजे पहिल्या घासाला न आवडणारी, सवयीने आवडू लागणारी गोष्ट. कारल्याची भाजी किंवा सुक्या बोंबलाचे कालवण आठवा. आणि 'अ टेस्ट फॉर' म्हणजे एखाद्या गोष्टीची ओढ. इथे मराठी अधिक नेमकी आहे. वाचनाची लागते ती गोडी, मोबाईलची लागते ती चटक. इंग्रजी दोन्हींना एकच शब्द लावते. आपल्या भाषेने भले-बुरे आधीच वेगळे करून ठेवले आहे.

मग हा जिभेचा शब्द माणसांच्या पारखेपर्यंत कसा गेला? अठराव्या शतकात युरोपात चित्रे, इमारती, कविता, कपडे यांच्या चांगल्या-वाईटाची चर्चा रंगली आणि त्या पारखेला 'टेस्ट' म्हणू लागले. स्कॉटलंडचा विचारवंत डेव्हिड ह्यूम याने 1757 मध्ये या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. खरा पारखी कोण, याच्या त्याने अटी घातल्या. त्याच्याकडे सराव हवा, अनेक गोष्टींची तुलना करून पाहिलेली हवी आणि मन पूर्वग्रहापासून मोकळे हवे. रिक्षातला आपला निकाल यातल्या किती अटींवर टिकेल? पुढे 1979 मध्ये फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिय यांनी एका गाजलेल्या ग्रंथात दाखवले की आवडनिवड आपण निव्वळ स्वतःची समजतो, पण ती घरची परिस्थिती, शिक्षण आणि वर्ग यांतून घडलेली असते आणि दुसऱ्याला कमी लेखायला वापरली जाते. आपल्याकडेही असेच दिसते. ज्याला आपण 'टेस्ट नाही' म्हणतो, तिथे बहुतेकदा पैसा कमी असतो किंवा सवय वेगळी असते.

आपल्या घरांत याच अर्थाचा आणखी एक शब्द आहे, जौक. जौक आणि जायका दोन्ही एकाच अरबी धातूपासून आले आहेत. बहादूरशाह जफर यांचे उस्ताद शेख इब्राहिम यांनी 'जौक' हेच आपले तखल्लुस घेतले होते. उर्दूतही 'बदजौक' म्हणून नाक मुरडणारे आहेतच. पण या शब्दाची खोली वेगळी आहे. इमाम गजाली यांनी आत्मकथनात म्हटले आहे की तंदुरुस्तीची व्याख्या माहीत असणे वेगळे आणि स्वतः तंदुरुस्त असणे वेगळे; हे दुसरे, अनुभवाचे ज्ञान म्हणजे जौक. पवित्र कुरआनने मृत्यूसाठीही याच धातूतला, चाखण्याचा शब्द वापरला आहे. दुसऱ्याच्या वतीने जे करता येत नाही, ते चाखणे.

मग टेस्टबद्दल बोलूच नये का? बोलावे, पण योग्य जागी. लग्नघरात नवरीच्या रंगावर विनोद होतो, मूल नसलेल्या बाईला चारचौघांत टोमणा मारला जातो, गरीब नातेवाइकाने आणलेल्या भेटीची थट्टा होते. इंग्रजीत यालाच 'बॅड टेस्ट' म्हणतात. आपण मात्र तिथे हसतो आणि पडद्याच्या रंगावर नाक मुरडतो.

अबू हुरैरा (रजि.) यांच्या हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधीही अन्नाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर राहू दिले. दस्तरखानावर मुलांना लावण्यासारखी याहून चांगली सवय आम्हाला सुचत नाही. त्यासोबत मराठीचे एक वाक्यही शिकवावे: 'मला रुचले नाही.' या वाक्यात न आवडण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर राहते, रांधणाऱ्यावर जात नाही. 'त्यांना टेस्ट नाही' म्हणताच ती समोरच्याच्या डोक्यावर जाऊन बसते. मुलगा ताट सरकवू लागला तर त्याला एवढेच सांगावे: आधी एक घास खा आणि तरीही नको असेल तर 'मला रुचले नाही' म्हण. माणसांच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा. स्थळ नाकारण्याआधी त्या घरी निदान आणखी एकदा जावे, भिंतींकडे न बघता माणसांशी बोलावे आणि मग काय ते ठरवावे.