गुडघा उडतो का, ते आधी पाहा
लेखमाला : सुई देण्याआधी । लेखांक ६

मागच्या आठवड्यात केस पेपर कसा वाचायचा ते पाहिलं. आज तोच कागद घेऊन प्रसूतिगृहात जाऊ. औषध देणारीला ते औषध शरीरात काय करतं हे का माहीत असलं पाहिजे, हे इथल्याइतकं ठसठशीत दुसऱ्या कुठल्या वॉर्डात दिसत नाही.

मानोरा किंवा रिसोडसारख्या तालुक्याच्या गावचं ग्रामीण रुग्णालय डोळ्यांपुढे आणा. नववा महिना लागलेली बाई रात्री येते. पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. बीपी १७० वर ११०, लघवीत प्रथिनं. तिला झटके कधीही येऊ शकतात आणि आले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. पुढचा उपचार वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात. तिथेही भागलं नाही, तर अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे वाशिमहून आणखी ऐंशीएक किलोमीटर. वाशिमला स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालं, ही मोठी गोष्ट आहे. पण तांड्यावरून तालुक्याला आणि तालुक्याहून जिल्ह्याला येण्याचा रस्ता त्याने कमी झालेला नाही. तो रस्ता सुरू होण्याआधी जे औषध पोटात किंवा अंगात जायला हवं, ते परिचारिकेच्या हातूनच जातं.

झटक्यांवरचं औषध मॅग्नेशियम सल्फेट. अमेरिकेत डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयातल्या जॅक प्रिचर्ड यांनी १९५० च्या दशकात त्याची मात्रा बसवली आणि ती पद्धत आजही त्यांच्याच नावाने शिकवली जाते. १९९५ साली अनेक देशांत मिळून झालेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. झटके पुन्हा येऊ न देण्यात मॅग्नेशियम हे डायझेपाम आणि फेनिटॉइन या दोन्हींपेक्षा सरस ठरलं. २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीत दहा हजारांहून अधिक गरोदर बायका होत्या. मॅग्नेशियम मिळालेल्या बायकांमध्ये झटक्यांचा धोका निम्म्याहूनही खाली आला. औषध स्वस्त आहे आणि परिणाम खात्रीचा आहे. अडतं ते मात्रेच्या हिशेबापाशी.

आपल्याकडे मिळणारी अँप्युल २ मिलीची, ५० टक्क्यांची, म्हणजे एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम औषध. प्रिचर्ड पद्धतीत पहिल्या खेपेला १४ ग्रॅम द्यायचे असतात. त्यातले ४ ग्रॅम शिरेतून. चार अँप्युलचं ८ मिली औषध, त्यात १२ मिली सलाईन मिसळून २० मिली करायचं आणि घड्याळ पाहत, पाच मिनिटांहून कमी वेळ न लावता, सावकाश सोडायचं. पातळ न करता हेच औषध शिरेत ढकललं तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. उरलेले १० ग्रॅम कमरेत, दोन्ही बाजूंना पाच-पाच, स्नायूत खोल. त्यानंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. उपकेंद्रावरच्या आरोग्य सेविकेने मात्र शिरेच्या वाटेला जायचं नाही. तिने कमरेतले १० ग्रॅम द्यायचे आणि बाईला ताबडतोब पुढे पाठवायचं, अशी सरकारी सूचना आहे.

चौदा अँप्युल. रात्रपाळी, ड्यूटीवर एकच सिस्टर, बाहेर नातेवाइकांचा गलका, शेजारच्या टेबलावर दुसरी बाई कळा देतेय. अशा वेळी कितवी फोडली ते विसरायला एक हाक पुरते. म्हणून रिकाम्या अँप्युल किडनी ट्रेमध्येच ठेवायच्या आणि दुसऱ्या कुणीतरी त्या मोजल्याशिवाय टाकायच्या नाहीत. दुसरी सिस्टर नसेल तर मोजायला डॉक्टरांना हाक मारावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता गुडघ्याकडे येऊ. मॅग्नेशियम शरीरातून बाहेर पडतं ते मूत्रपिंडातून. आणि या आजारात नेमकं मूत्रपिंडच दमलेलं असतं. लघवी कमी झाली की औषध आत साचत जातं. साचलेलं मॅग्नेशियम आधी नसा-स्नायूंचा प्रतिसाद मंदावतं. गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोकल्यावर जो पाय उडायला हवा, तो उडेनासा होतो. औषध आणखी साचलं की मग श्वास मंदावतो आणि थांबतो. हा क्रम बाईच्या नशिबाने आपल्या बाजूचा आहे. श्वास जाण्याआधी गुडघा सांगतो. म्हणून दर खेपेच्या डोसआधी तीन गोष्टी पाहायच्या. गुडघा उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहे का, आणि गेल्या चार तासांत लघवी तासाला ३० मिलीच्या हिशेबाने तरी झाली का. ठोकायची हातोडी वॉर्डात सापडत नसेल, तर हाताची कडही चालते. श्वास मात्र पूर्ण मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्यात मोजणारीच्या घाईचाही गुणाकार होतो.

तिन्हींपैकी एकही उत्तर ‘नाही’ आलं, तर डोस थांबवायचा. कागदावर ‘दर चार तासांनी’ असं डॉक्टरांच्या सहीनिशी लिहिलेलं असलं तरी थांबवायचा आणि लगेच त्यांना कळवायचं. श्वास घसरत असेल तर उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट, १ ग्रॅम म्हणजे १० टक्क्यांचे १० मिली, शिरेतून सावकाश. हा उतारा मॅग्नेशियमच्या शेजारी, त्याच ट्रेमध्ये भरलेला हवा. कपाटाची किल्ली इन्चार्ज सिस्टरांच्या घरी आणि उतारा कपाटात, अशी व्यवस्था असेल तर तिथे मॅग्नेशियम सुरूच करू नये, असं माझं ठाम मत आहे.

डोस थांबवणाऱ्या सिस्टरला सकाळी ‘ऑर्डर का पाळली नाही’ म्हणून उभं करणारे कमी नाहीत. खरं तर तिने केस पेपरवर वेळ टाकून ‘गुडघा उडत नाही, डोस थांबवला, डॉक्टरांना कळवलं’ अशी ओळ लिहिली असेल, तर तिने त्या रात्रीचं सगळ्यात कठीण काम पार पाडलेलं असतं. ही ओळ लिहिणाऱ्या बाईच्या पाठीशी डॉक्टर आणि मेट्रन उभे राहतात की नाही, यावर त्या वॉर्डात पुढची सिस्टर थांबेल की न बोलता टोचून मोकळी होईल, हे ठरतं.

त्याच प्रसूतिगृहातलं दुसरं औषध ऑक्सिटोसिन. बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, मिनिटाभरात १० युनिट स्नायूत दिलं की गर्भाशय आकसतं आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. तेच औषध बाळ पोटात असताना स्नायूत टोचलं, तर कळा आवरता येत नाहीत, बाळाचा प्राणवायू तुटतो, गर्भाशय फाटूही शकतं. कळा वाढवायच्याच असतील तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सलाईनमधून, थेंब मोजत. पण प्रसूतिगृहाच्या दारात आर्जव चालूच असतं, “सिस्टर, कळांची सुई देऊन द्या न, पोरगी लवकर मोकळी होईन.” मागणाऱ्याचा जीव तुटत असतो, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. सुई का देत नाही हे दोन वाक्यांत समजावणं हेही त्या सुईचंच काम आहे. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, हेही इथेच सांगून टाकते. एप्रिल-मेच्या वाशिमी उन्हात ट्रेमध्ये दिवसभर पडलेल्या अँप्युलवर बाळंतिणीचा जीव टांगू नये.

तिसरं मेथर्जिन. तेही रक्त थांबवणारं म्हणूनच ओळखलं जातं, त्यामुळे हात सहज तिकडे जातो. मात्र त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब एकदम चढतो. आपल्या या १७० वर ११० वाल्या बाईला ते चुकूनही देता येत नाही. म्हणजे एकाच बाईला, एकाच रात्री, ट्रेमधलं एक औषध तिन्ही तपासण्या करून द्यायचं, दुसरं बाळ झाल्यावरच द्यायचं आणि तिसरं द्यायचंच नाही. छोट्या काचेच्या अँप्युल अंधुक उजेडात सारख्याच दिसतात. मेथर्जिनचा डबा वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या रंगाची पट्टी लावून ठेवला तर थकलेल्या हाताला तो तेवढा तरी अडवतो.

भलती बाटली हातात आली की काय होतं, ते आपल्या शेजारी घडलेलं आहे. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा दिवस. मानोरा-कारंजाला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. सगळी वाचली. संबंधितांवर कारवाईही झाली. पण कोविडच्या त्या दिवसांत सॅनिटायझरची बाटली प्रत्येक टेबलावर होती, आणि लसीच्या टेबलावर ती कुठे ठेवायची हे ठरलेलं असायला हवं होतं. पोलिओच्या व्हायलवर एक खूण असते, वर्तुळ आणि त्यात चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस चांगली, तेवढाच किंवा जास्त गडद झाला तर टाकून द्यायची. लसीने किती उष्णता सोसली ते ही खूण दाखवते. प्रत्येक व्हायल उचलताना ती शोधणारीच्या हातात भलती बाटली टिकूच शकत नाही, कारण भलत्या बाटलीवर ती खूणच नसते.

रुग्ण ओळखण्याबद्दल थोडक्यात. आपल्या जिल्ह्यात राठोड, चव्हाण, जाधव, पवार एकाच वॉर्डात चार-चार असतात आणि त्यातल्या दोघी सुनीता निघाल्या तरी नवल नाही. “तुम्ही सुनीताबाई ना?” असं विचारलं की झोपेत असलेली, बावरलेली बाई “हो” म्हणते. “नाव सांगा, मालकांचं नाव सांगा, गाव कोणतं?” असं विचारायचं आणि उत्तर केस पेपरशी ताडायचं. खाटेचा नंबर ही ओळख धरू नये. रात्रीतून खाटा बदलतात.

फोनवरच्या ऑर्डरचंही तसंच. ‘सात’ आणि ‘साठ’ फोनवर सारखे ऐकू येतात, आणि सात युनिट इन्सुलिनच्या जागी साठ गेलं तर सकाळ उजाडत नाही. ऐकलेला आकडा लिहायचा, मोठ्याने परत वाचायचा आणि “सात, म्हणजे सहानंतरचे सात, बरोबर?” असं विचारून डॉक्टरांच्या तोंडून ‘हो’ घ्यायचं. इन्सुलिनचा दुसरा सापळा सिरिंजचा. साध्या व्हायलमध्ये एका मिलीत ४० युनिट असतात, तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या काडतुसात एका मिलीत १०० युनिट असतात, त्या ताकदीची सिरिंज केशरी टोपणाची. काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत ओढलं, तर वीसऐवजी पन्नास युनिट जातात.

शेवटी परत त्या बाईकडे. १०८ ची रुग्णवाहिका दारात उभी आहे, सासू पिशवी घेऊन चढलीय. रेफर चिठ्ठीवर ‘मॅग्नेशियम दिले’ एवढंच लिहिलं, तर पुढच्या रुग्णालयात एकतर पूर्ण डोस पुन्हा दिला जाईल, नाहीतर दिलाय समजून पुढचा राहून जाईल. चिठ्ठीवर लिहायचं ते असं : रात्री ११.२० ला शिरेतून ४ ग्रॅम, ११.३० ला कमरेत उजवीकडे ५ आणि डावीकडे ५, निघताना बीपी, श्वास, गुडघा उडतोय, लघवीच्या पिशवीत इतके मिली, पुढचा डोस पहाटे ३.३० ला. आणि हेच सगळं गाडीतल्या डॉक्टरांना तोंडीही सांगायचं.

पुढच्या लेखांकात : पेरणीचे दिवस, सर्पदंश आणि प्रतिविषाच्या दहा व्हायल.