हृदयाची हकीकत – लेखांक सातवा : तरुण छातीतील धडधड

गेल्या लेखांकात आपण हृदयाच्या झडपांची रचना पाहिली. परंतु वीस-बावीस वर्षांचा तरुण डॉक्टरांकडे येतो तो बहुधा झडपेची तक्रार घेऊन नव्हे, तर रात्री डाव्या कुशीवर वळताच छातीत काहीतरी उसळल्याची, मध्येच एक ठोका चुकल्याची आणि आता आपले काही खरे नाही या भीतीची हकीकत घेऊन.

उजव्या कर्णिकेच्या वरच्या अंगास पेशींचा जो लहानसा पुंज आहे, आणि ज्याचे वर्णन कीथ व फ्लॅक यांनी १९०७ साली प्रथम केले, तेथून प्रत्येक ठोक्याचा हुकूम सुटतो. निरोगी तरुणाची नाडी श्वास घेताना किंचित जलद व सोडताना किंचित मंद चालते. ही अनियमितता रोग नव्हे, वय वाढते तशी ती ओसरत जाते. ठोका चुकल्यासारखा वाटतो तेव्हाही तो वस्तुतः चुकलेला नसून, हुकमाची वाट न पाहता हृदयाच्या अन्य भागातून वेळेपूर्वी उठलेला असतो. त्यामागून येणाऱ्या दीर्घ विरामात जवनिका अधिक रक्ताने भरते, आणि पुढचा जोरकस ठोका तेवढा छातीला जाणवतो. हृदय एरवी धडधाकट असेल तर असे तुरळक ठोके निरुपद्रवी असतात, आणि जागरण व तंबाखू सुटली की पुष्कळदा विरळ होतात. नाडी सदैवच जलद चालत असेल, तर मात्र रक्तक्षय आणि थायरॉइड ग्रंथी यांची तपासणी आधी करावी.

खरी अडचण निराळीच आहे. १९३० साली वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट या तिघांनी अकरा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. बहुतेक तरुण, हृदय एरवी निरोगी, आणि तरीही अधूनमधून नाडी एकाएकी धावू लागे. कर्णिका व जवनिका यांना जोडणारी एक जादा वाट जन्मतःच राहून गेलेली असते, व तिच्यातून विद्युत्‌लहर गोल फिरू लागली म्हणजे मिनिटास दीडशे-दोनशे ठोके पडतात, हा उलगडा पुढे झाला. भीतीने वाढलेली नाडी हळूहळू चढते व हळूहळू उतरते. हा झटका मात्र क्षणात सुरू होतो, क्षणात थांबतो, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत बहुधा थांबलेलाच असतो. मग कार्डिओग्राम कधीकधी निर्दोष निघतो, आणि मुलीला, विशेषेकरून मुलीलाच, ‘उगाच घाबरतेस’ असे सांगून घरी पाठविले जाते. हा अन्याय आहे, असे मला स्पष्टपणे वाटते. कारण जांघेतील शिरेतून नळी घालून ती वाट जाळून टाकता येते, आणि पुष्कळांची व्याधी त्याने कायमची जाते. झटका कसा सुरू झाला, कसा थांबला, याची रुग्णाची जबानी शांतपणे ऐकून घ्यावी, आणि झटका चालू असतानाच आलेख मिळविण्याची तजवीज करावी.

एका बाबतीत मात्र क्षणाचीही ढिलाई नको. धावताना वा पोहताना ज्याची शुद्ध हरपली, किंवा ज्याच्या घराण्यात कोणी ऐन तारुण्यात अकस्मात दगावले, त्याची धडधड मामुली समजू नये. कार्डिओग्राम व इको यांवरून स्नायूंची जाडी आणि विद्युत्‌लहरीचा अवधी यांची हृदयतज्ज्ञाकडून खातरजमा होईपर्यंत अशा मुलास मैदानावर उतरू देऊ नये, मग सामना उद्यावर येऊन ठेपलेला का असेना.