म्हाताऱ्या कुत्र्याचे वरचे नख : कापायचे की काढायचे?

पंजाच्या वर, पायाच्या आतल्या बाजूला असलेले ते एकटे नख वयस्क कुत्र्याला वारंवार त्रास देते. ‘एकदाचे ऑपरेशन करून टाका’ असा सल्ला सहज मिळतो. पण तो मानण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

मोती तीन दिवस पुढचा उजवा पाय नीट टेकवत नव्हता. अकरा वर्षांचा झाला, सांधे धरले असतील, असे आम्ही समजलो. सासूबाई म्हणाल्या, “माझे गुडघे दुखतात, तसेच बिचाऱ्याचेही दुखत असतील.” आपल्या तेलाच्या बाटलीतले चार थेंब घेऊन त्या त्याच्या पायाला चोळायला बसल्या आणि कधी नव्हे तो मोती त्यांच्यावर गुरगुरला. दाट केस बाजूला सारून पाहिले, तर वरचे नख गोल वळून त्याच्याच कातडीत रुतले होते. आत पू झाला होता.

पशुवैद्यांनी नख कापून बाहेर काढले, जखम धुतली, औषधे लिहून दिली. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी मात्र वेगळाच विचार डोक्यात सोडला. “अहो, ते नख मुळापासून काढूनच टाका. त्याचा काही उपयोग नसतो. आमच्या पिल्लाचं तर चार दिवसांचं असतानाच काढलं.”

घरी आल्यावर दोन तट पडले. मुलाचे म्हणणे, पुन्हा रुतण्यापेक्षा काढलेले बरे. सासूबाई ठाम होत्या, “या वयात त्याला कशाला कापताय?” मला दोघांचेही पटत होते. म्हणूनच घाई न करता या विषयाची नीट माहिती घ्यायची असे आम्ही ठरवले.

अठरा नखे की वीस?

तुमच्या कुत्र्याची नखे एकदा मोजून पाहा. साधारणपणे ती अठरा भरतात. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार. पुढच्या पायाचे पाचवे नख म्हणजे त्याचा अंगठाच. इंग्रजीत त्याला ‘ड्यूक्लॉ’ म्हणतात. चालताना ते जमिनीला टेकत नाही.

काही कुत्र्यांच्या मागच्या पायांनाही असे नख असते. मग एकूण वीस होतात. वीस नखांचा कुत्रा जास्त शूर असतो, अशी एक समजूत ऐकायला मिळते. खरे पाहता तो केवळ आनुवंशिकतेचा भाग आहे. तिबेटी मॅस्टिफच्या मागच्या पायांवर असे एक किंवा दोन नखे असू शकतात. फ्रान्समधील ब्रियार्ड आणि ग्रेट पिरेनीज या जातींत तर मागच्या प्रत्येक पायावर दुहेरी नख असणे हेच जातिवंतपणाचे लक्षण मानले जाते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा, की पुढचा अंगठा बहुधा हाडाने आणि स्नायूबंधांनी पायाशी घट्ट जोडलेला असतो. मागचा मात्र पुष्कळदा नुसत्या कातडीवर लोंबत असतो आणि म्हणूनच कुठेही अडकून फाटण्याची भीती त्याला जास्त असते.

खरेच निरुपयोगी आहे का?

कुत्रा हाडूक चघळत असताना पाहा. दोन्ही पंज्यांत ते धरताना तो पुढच्या अंगठ्यांचा आधार घेतो. वेगाने धावताना पुढच्या पायाचा सांधा इतका वाकतो की हे नख जमिनीला लागते आणि वळताना पाय मुरगळू नये म्हणून आधार देते. कुत्र्यांच्या क्रीडावैद्यकातील अमेरिकन तज्ज्ञ डॉ. क्रिस झिंक यांनी हा मुद्दा सातत्याने मांडला आहे. अडथळ्यांच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या कुत्र्यांविषयी अमेरिकेत 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पुढचे अंगठे नसलेल्या कुत्र्यांमध्ये बोटांना दुखापत होण्याचे प्रमाण जास्त आढळले. लांब वाढलेली नखे हेही दुखापतीचे एक कारण त्यात दिसून आले.

आपला म्हातारा कुत्रा काही शर्यतीत धावणार नाही. पण गुळगुळीत फरशीवर उठताना घसरणाऱ्या कुत्र्याचा निरोगी अवयव कमी करताना विचार करायला हवाच.

पिल्लाची गोष्ट वेगळी

बाकावरच्या गृहस्थांचे एका अर्थी खरे होते. जिथे ही प्रथा आहे तिथे हे नख पिल्लू तीन ते पाच दिवसांचे असताना काढतात. तेव्हा हाड मऊ असते आणि जखम छोटी होते. तरी वेदना होतेच. इंग्लंडमध्ये 2007 सालच्या नियमांनुसार पिल्लाचे डोळे उघडल्यानंतर हे नख भूल दिल्याशिवाय काढता येत नाही.

मोठ्या कुत्र्याच्या पुढच्या पायाचे नख काढणे म्हणजे नुसते नख उपटणे नव्हे, तर एक बोटच सांध्यातून कापून काढणे. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते. रक्तवाहिन्या बांधाव्या लागतात, टाके घालावे लागतात. दहा ते चौदा दिवस पट्टी सांभाळावी लागते. मागच्या पायाचे लोंबते नख काढणे त्या मानाने सोपे, पण टाके आणि पट्टी त्यालाही चुकत नाही.

म्हातारपण हा काही रोग नव्हे. दहा-बारा वर्षांच्या कुत्र्यांवरही गरज पडल्यास यशस्वी शस्त्रक्रिया होतात. मात्र या वयात हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांची ताकद कमी झालेली असू शकते आणि वरून ते कळत नाही. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा, की ज्या कारणासाठी भूल द्यायची, ते कारण तेवढे मोठे आहे का?

केव्हा काढावेच लागते?

काही वेळा मात्र टाळाटाळ करणे धोक्याचे ठरते.

नखाच्या मुळाशी सूज आली, नख सैल होऊन गळून पडले, औषधे देऊनही जखम भरत नाही, असे दिसले तर ती साधी जखम समजू नका. वयस्क कुत्र्यांत नखाच्या मुळाशी कर्करोगाची गाठ होऊ शकते. काळ्या रंगाच्या मोठ्या कुत्र्यांत हे जास्त आढळते. अशा वेळी एक्स-रे काढून हाड पोखरले आहे का ते पाहतात आणि काढलेला भाग तपासणीसाठी पाठवतात. इथे बोट काढणे हाच बहुधा योग्य उपाय असतो. वय झाले म्हणून थांबलो, तर आजार पसरायला वेळ मिळतो.

जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचला असेल, किंवा मागचे लोंबते नख पुन्हा पुन्हा अडकून रक्तबंबाळ होत असेल, तरीही काढणे हिताचे. दात साफ करणे किंवा गाठ काढणे अशा दुसऱ्या कारणासाठी भूल द्यायचीच असेल, तर त्याच वेळी हेही उरकता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे.

पण नख एकदाच फाटले म्हणून बोट काढायची गरज नसते. अशा वेळी पुष्कळदा फाटलेले नख तेवढे काढले जाते आणि काही महिन्यांत नवे येते.

शस्त्रक्रिया ठरलीच तर

आधी रक्ताची तपासणी करून घ्या. त्यात मूत्रपिंड आणि यकृताचे काम कळते. हृदयाची तपासणी, गरज वाटल्यास छातीचा एक्स-रे आणि ईसीजीही करावा. कोणती भूल देणार, त्या वेळी नाडी आणि श्वासावर कोण लक्ष ठेवणार, हे विचारायला संकोच करू नका. गावातल्या लहान दवाखान्यात ही सोय नसेल, तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. मुंबईत परळला, नागपूरला, चेन्नईला अशी महाविद्यालये आहेत. उत्तरेकडच्या वाचकांना बरेलीजवळ इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा दवाखाना आहे.

घरी आणल्यावर पट्टी कोरडी ठेवा. बाहेर नेताना पायाला पिशवी बांधा, पण परतल्यावर लगेच सोडा. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा शंकू घालावा लागतो. कुत्र्याला तो आवडत नाही, तरी दया दाखवून काढू नका. दुखते म्हणून घरातल्या औषधांच्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी तर मुळीच देऊ नका. माणसाची ही औषधे कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरतात.

आधी कात्री

निरोगी पण वाढलेल्या नखाला खरा उपाय कात्रीचा. हे नख चालताना घासले जात नाही, त्यामुळे वाढतच राहते. म्हातारपणी फिरणे कमी होते आणि नखेही जाड होतात. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी पंजा हातात घेऊन पाहावे. कुत्र्यांच्या नखांसाठी मिळणारी धारदार कात्री वापरावी आणि टोकाचा अगदी थोडा भाग कापावा. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते. काळ्या नखात दिसत नाही, तेव्हा पातळ पातळ काप घ्यावेत. चुकून रक्त आलेच, तर तुरटीची पूड किंवा मक्याचे पीठ लावून पाच मिनिटे दाबून धरावे. फार वाढलेले नख एका दिवसात आखूड करायला जाऊ नका. थोडे थोडे नियमित कापले, की आतली शीरही हळूहळू मागे सरते.

मोतीच्या पशुवैद्यांनी दुसऱ्या भेटीत एकच प्रश्न विचारला होता, “याची नखं कोण कापतं?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. पूर्वी हे काम मुलीचे होते. ती शिकायला बंगळूरला गेली आणि ते काम कोणाकडेच आले नाही. दाट केसांआड ते नख कित्येक महिने वाढत राहिले आणि आम्ही मात्र म्हातारपणाला दोष देत राहिलो. दोष नखाचाही नव्हता आणि वयाचाही नव्हता.

ऑपरेशनचा विषय तिथेच संपला. आता एक रविवार सोडून एका रविवारी सासूबाई मोतीचे डोके मांडीवर घेऊन बसतात आणि मुलगा नखे कापतो. पहिल्या दोन वेळा मोतीने पाय ओढून घेतला. आता तो स्वतःच पंजा पुढे करतो, कारण नंतर बिस्कीट मिळते हे त्याला ठाऊक झाले आहे.