किती उंचीवरून पडला नाही, कशावर पडला ते विचारा!

कॅन्टीनच्या टेबलवरून मोबाइल निसटला की सगळ्या ग्रुपचा श्वास अडकतो. तोच मोबाइल हॉस्टेलच्या गादीवर आपण रोज भिरकावतो, तेव्हा काहीच वाटत नाही. असं का?

२०० ग्रॅमचा मोबाइल एक मीटरवरून पडला की ताशी १६ किमी वेगाने खाली पोचतो. खाली फरशी असो की गादी, वेग तोच. गादीत तो पाचेक सेंटिमीटर रुतून थांबतो; फरशीवर त्याला जेमतेम एक मिलिमीटर मिळतो. ढोबळ हिशोब सोपा आहे. पडण्याच्या उंचीला थांबायच्या अंतराने भागा, वजनाच्या तितक्या पट दणका. गादीवर ५० पट नाही, फक्त २० पट, म्हणजे चार किलोंचा भार. फरशीवर हजार पट, म्हणजे २०० किलोंचा! स्क्रीन फुटणारच.

आता हेच गणित दहीहंडीला लावून बघा. २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले, तेव्हा उंची भरली ४३.७९ फूट, म्हणजे १३ मीटरच्या वर. आपण दहाच मीटर धरू. तिथून सुटलेला गोविंदा दीड सेकंदाच्या आत खाली येतो, ताशी ५० किमी वेगाने. पन्नास किलोच्या पोराला डांबरी रस्त्याने पाच सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर दणका २०० पट, म्हणजे दहा टनांचा. खालच्यांनी हात लवचिक ठेवून अर्ध्या मीटरमध्ये झेललं, तर तोच दणका एक टनावर येतो. पण न्यूटनचा तिसरा नियम इथेही सुटत नाही. जितका मार पडणाऱ्याला, तितकाच झेलणाऱ्यांना. म्हणून झेलायला दोन हात पुरत नाहीत, वीस लागतात.

२०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने थरांवर २० फुटांची मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये ती उठली. १४ वर्षांखालच्या मुलांना मात्र बंदी राहिली. उंचीवरून वाद होत राहतील. थांबायचं अंतर वाढवणं तर आपल्याच हातात आहे ना? खाली जाड मॅट टाका. वरच्याच्या कमरेला दोर बांधा आणि तो ताणलेलाच ठेवा, कारण ढिला दोर म्हणजे आधी पडणं आणि मग हिसका.

आणि हेल्मेट? त्याच्या आतला थर्माकोलसारखा थर चेपतो, तेवढेच दोन-तीन सेंटिमीटर डोक्याला जास्तीचे मिळतात. तो एकदा चेपला की परत फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बदलायचं. बाइकच्या आरशाला लटकवलेल्या हेल्मेटचं थांबायचं अंतर किती, ते तुम्हीच काढा.

यंदा सरावाला जाल तेव्हा ‘किती थर?’ याआधी एक प्रश्न विचारा, ‘खाली काय आहे?’