परदेशी मास्तर

१८६८ नंतर जपानने नवी विद्या शिकायचे मनावर घेतले. पण शिकवणार कोण? मग युरोप-अमेरिकेतून मास्तर आणले. पगार भरपूर, पण नोकरी ठरल्या मुदतीची. तोवर आपली हुशार मुले तिकडे शिकायला धाडली. ती परतली की पाहुण्या मास्तरांना निरोप. देशाच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच होते म्हणा.

लाफकाडिओ हर्न हे असेच एक मास्तर. आई ग्रीक, वडील आयरिश. डावा डोळा लहानपणीच गेलेला. १८९० साली ते मात्सुए गावी इंग्रजी शिकवायला आले. तिथल्याच सेत्सुबाईंशी त्यांनी संसार थाटला. बाईंना इंग्रजी येईना, मास्तरांना जपानी धड येईना. मग दोघांची मोडकीतोडकी घरगुती बोली तयार झाली! बाई भुताखेतांच्या जुन्या गोष्टी सांगायच्या. मास्तर म्हणायचे, पुस्तकातून वाचू नकोस, तुझ्या शब्दांत सांग. मग ते त्या इंग्रजीत लिहीत. आजही लोक त्या वाचतात.

बायकामुलांचा हक्क बुडू नये म्हणून १८९६ साली ते जपानी नागरिक झाले. बायकोचे आडनाव लावून कोइझुमी याकुमो झाले. आपल्याकडे लोक हसले असते. तिकडे तशी रीत आहे. त्याच साली ते टोकियोच्या विद्यापीठात शिकवू लागले.

पण १९०३ साली ती नोकरी गेली. विद्यार्थ्यांनी ओरड केली, उपयोग झाला नाही. त्यांच्या जागी आलेल्यांत नात्सुमे सोसेकी होते. सरकारनेच त्यांना इंग्लंडला शिकायला पाठवले होते. पुढे ते मोठे लेखक झाले.

१९०४ साली हर्न वारले. टोकियोत झोशिगाया येथे त्यांचे थडगे आहे. सोसेकींचेही तिथेच आहे.