मोठ्यांनीं वाढावें, मुलानें निवडावें

मुलाला आपलें अन्न आपणच निवडूं द्यावें काय? अमेरिकेंतील डॉक्टर क्लॅरा डेव्हिस यांनीं १९३९ सालीं वर्णिलेला प्रयोग या बाबतींत मननीय आहे. नुकतींच अंगावरून तुटलेलीं १५ बालकें. त्यांच्यापुढें दूध, फळें, भाज्या, धान्यें, मांस इत्यादि ३४ साध्या पदार्थांपैकीं कांहीं ठेवीत. दाईनें आग्रह करावयाचा नाहीं. बालकानें बोट दाखविलें तरच घास भरवावयाचा. प्रत्येकाची आवड निराळी निघाली, तरी सर्व बालकें सुदृढ वाढलीं. यांतील मर्म डेव्हिसबाईंनींच सांगितलें आहे: त्या पदार्थांत साखर नव्हती, वाईट निवडीस वावच नव्हता.

आपल्या घरीं बिस्किटांचा पुडा समोर ठेवून आपण मुलाला संयम शिकवितों. "भाजी संपव, मग लाडू देईन" असें म्हणून भाजीला शिक्षा ठरवितों. त्यापेक्षां पानांत काय वाढावें हें मोठ्यांनीं ठरवावें आणि त्यांतील किती खावें हें मुलावर सोपवावें. कारल्याची फोड आज नाकारली तर रागावूं नये. चार दिवसांनीं पुन्हां वाढावी. नवी चव अंगवळणी पडण्यास पुष्कळदां आठ-दहा खेपा लागतात. मात्र तीच फोड वडिलांच्या पानांतहि असावी. मूल उपदेशाआधीं आचरण उचलतें.